दोन डिस्क असूनही मशीन उठेना: लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची बूट-दुरुस्ती

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू झाली की आडत दुकानातल्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका सकाळी साडेसातला मुनीमजींचा फोन. "भैया, कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर थांबलंय. इंग्रजीत काहीतरी म्हणायलंय."

मशीन मीच बसवलेलं होतं. डेबियन लिनक्स, एक-एक टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर मिरर म्हणजे रेड १: जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर. मालकांना छातीठोक सांगितलं होतं, एक डिस्क गेली तरी दुकान थांबणार नाही. एक गेलीच. दुसरीवर सगळ्या पट्ट्या, सगळी खाती जशीच्या तशी होती, पण मशीन चालू व्हायचं नाव घेईना. कारण ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, मी फक्त पहिल्या डिस्कवर टाकला होता. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून अशा बऱ्याच मशीन हाताखालून गेल्या. नव्याने लिनक्स टाकून रेड लावणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा त्याच दोन-चार ठिकाणी अडते.

कमांडांबद्दल आधीच सांगतो. फोनवर सांगताना जशा उच्चारतो तशाच इथे लिहिल्यात. टाइप करताना अक्षरं इंग्रजी आणि लहान, आकडे इंग्रजी. रेडचं मुख्य हत्यार एमडीॲडम, स्पेलिंग एम-डी-ए-डी-एम. "एलएसबीएलके"सारखं नाव दिसलं तर ती सुटी अक्षरं समजा. कमांडा डेबियन आणि उबुंटूच्या आहेत. फेडोरा किंवा रॉकी या दुसऱ्या लिनक्सवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

कोण अडलंय ते आधी ओळखा

मोंढ्यात शेतकऱ्याचं पोतं हमाल उतरवतो, मापाडी वजन करतो, मुनीम पट्टी लिहितो. पट्टी मिळाली नाही म्हणून कोणी हमालाला धरत नाही. मशीन चालू होतानाही काम असंच हातोहात पुढे सरकतं. पहिलं फर्मवेअर, म्हणजे जुन्या मशीनचं बायोस किंवा नव्याचं यूईएफआय. ते कुठल्या तरी एका डिस्कवरून ग्रब उचलतं. ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरामएफएस मेमरीत आणून ठेवतो. इनिटरामएफएस ही चिमुकली तात्पुरती सिस्टीम. ती ॲरे (रेडमधल्या डिस्कची जोडी) जोडते, खरी रूट फाइलसिस्टीम, म्हणजे जिच्यात सगळं लिनक्स आहे ती, माउंट करते म्हणजे वापरायला खुली करते, आणि बाजूला होते.

यातल्या फर्मवेअरला लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड ओ की ठो कळत नाही. ग्रबला वाचण्यापुरतं कळतं. पुरतं कळतं ते शेवटच्यालाच, तेही त्याच्या पिशवीत एमडीॲडम आणि त्याची कॉन्फ (सेटिंगची) फाइल असेल तर.

आता पडदा बघा. "नो बूटेबल डिव्हाइस" असं काही आलं, नुसता कर्सर लुकलुकतोय, किंवा मशीन सारखं बायोसच्या सेटिंगमध्येच जाऊन पडतंय, तर फर्मवेअरला ग्रबच सापडला नाही. "ग्रब रेस्क्यू" असं लिहून पुढे टोकदार कंस आला, तर ग्रबचा पहिला तुकडा चालला पण बाकीचं सामान कुठे ठेवलंय ते त्याला दिसत नाही. "अलर्ट! यूयूआयडी अमुक डझ नॉट एक्झिस्ट" आणि खाली बिझीबॉक्सचा "इनिटरामएफएस" प्रॉम्प्ट, म्हणजे कर्नल व्यवस्थित आला, ॲरे जोडला गेला नाही. (यूयूआयडी म्हणजे ॲरेचा किंवा फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक.) फेडोरा-रॉकीवर याच जागी "ड्रॅकट" दिसतं. आणि "इमर्जन्सी मोड" येऊन रूटचा पासवर्ड विचारत असेल तर बहुधा रूटचा ॲरे ठीक आहे, एफएसटॅबमधली (काय कुठे माउंट करायचं त्या यादीतली) दुसरी कुठली तरी ओळ चुकलीय.

मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा. रीस्टार्ट केल्यावर तो मजकूर परत तसाच दिसेल याची खात्री नसते, आणि मदत मागायची वेळ आली तर "काहीतरी इंग्रजी आलं होतं" यावर कोणी काही सांगू शकत नाही.

आणि काहीही झालं तरी घाबरून "एमडीॲडम --क्रिएट" चालवू नका. ॲरे दिसत नाही म्हणून पुन्हा बनवला की झालं, असं नवख्याला वाटतं. क्रिएट जुन्या खुणांवर नव्या खुणा लिहितं. मेटाडेटाची, म्हणजे या खुणांची, आवृत्ती किंवा डेटा सुरू होण्याची जागा जरी बदलली तरी फाइलसिस्टीम तिथे असूनही सापडत नाही, आणि मग खरा घोळ सुरू होतो. जोडायचं ते "--असेंबल"नेच.

इनिटरामएफएसचा प्रॉम्प्ट आला असेल तर

सगळ्यात जास्त मंडळी इथे अडकतात, आणि सगळ्यात सोपी सुटकाही इथेच आहे. घाईने रीस्टार्ट न करता हे टाइप करा:

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट

मोंढ्यातल्या मशीनसारखी एक डिस्क गेलेली असेल, तर साधारण असं दिसतं:

एमडी१२७ : इनॲक्टिव्ह एसडीए२[१](एस)

इनॲक्टिव्ह म्हणजे ॲरेचा एक भिडू आलाय, दुसऱ्याची वाट बघत बसलाय. शेवटचा एस म्हणजे स्पेअर. सध्या तात्पुरता बाजूला बसवलेला. ही डिस्क पूर्वी एसडीबी होती. पहिली दिसेनाशी झाल्यावर तीच एसडीए झाली. डिस्कची ही नावं कायमची नसतात, म्हणून नावावर भरवसा ठेवून कुठलीच कमांड मारायची नाही. कंसातला १ मात्र जुनाच आहे, ॲरेमधला तो तिचा क्रमांक. आता त्याला सांगायचं, एकटा चल:

एमडीॲडम --रन /डेव्ह/एमडी१२७

पुन्हा एमडीस्टॅट बघा. ॲक्टिव्ह आलं आणि पुढे [२/१] [_यू] दिसलं तर काम झालं. चौकोनी कंसातला प्रत्येक यू म्हणजे एक धड डिस्क, आडवी रेघ म्हणजे गैरहजर. "एक्झिट" टाइप करा, मशीन पुढे निघेल.

एमडीस्टॅटमध्ये ॲरेचं नावच नसेल तर आधी "मॉडप्रोब रेड१" आणि मग "एमडीॲडम --असेंबल --स्कॅन" करून बघा. एमडीॲडम नावाची कमांडच सापडत नाही असं उत्तर आलं, तर इनिटरामएफएस बनलं तेव्हा सिस्टीममध्ये ते पॅकेज नव्हतं. लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता थेट लिनक्स चालतं तो) हाताने ॲरे बनवून मग त्यावर लिनक्स टाकणाऱ्यांचं हे हमखास होतं. त्यांनी थेट लाइव्ह पेनड्राइव्हच्या भागाकडे जावं.

मशीन एकदा वर आलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही, उद्या परत तिथेच अडेल. एमडी० नाव दिलेलं असताना एमडी१२७ कुठून आलं? इनिटरामएफएसच्या आतल्या कॉन्फ फाइलमध्ये या ॲरेची ओळ नसली, की तो परका समजून १२७ पासून उतरत्या क्रमाने नंबर दिला जातो. एफएसटॅबमध्ये कोणी एमडी० असं नाव लिहून ठेवलेलं असलं की ते उघडं पडतं. "एमडीॲडम --डिटेल --स्कॅन"चं उत्तर आणि /ईटीसी/एमडीॲडम/एमडीॲडम.कॉन्फ मधली ॲरेची ओळ समोरासमोर ठेवा, जुळवा, आणि मग:

अपडेट-इनिटरामएफएस -यू

ही शेवटची ओळ विसरणारे फार. कॉन्फ फाइल बदलली तरी बूटच्या वेळी वाचली जाते ती इनिटरामएफएसमध्ये कोंबलेली जुनी प्रत. फेडोरा-रॉकीवर कॉन्फ थेट /ईटीसी मध्ये असते आणि कमांड "ड्रॅकट --फोर्स".

यूयूआयडीचा गुंताही इथेच सोडवून घ्या. ॲरेचा एक यूयूआयडी असतो, त्यावरच्या फाइलसिस्टीमचा वेगळा. एमडीॲडम आपला यूयूआयडी आठ-आठ अक्षरांचे चार गट करून, मध्ये कोलन घालून दाखवतं. फाइलसिस्टीमचा डॅशवाला. इथवर सोपं आहे. पण "बीएलकेआयडी" ही कमांड एसडीए२ सारख्या भिडू पार्टिशनसमोर ॲरेचाच यूयूआयडी डॅश घालून दाखवते, शेजारी "लिनक्स रेड मेंबर" असं लिहिलेलं असतं. तो उचलून एफएसटॅबमध्ये टाकला की मशीन जन्मात रूट शोधू शकणार नाही. एफएसटॅबमध्ये जातो तो बीएलकेआयडीच्या एमडी असलेल्या ओळीतला. परभणीच्या एका पोराने या एका गोष्टीपायी तीन वेळा सगळं इन्स्टॉल केलं होतं. चौथ्या वेळी माझ्याकडे आला.

ग्रब रेस्क्यू

"एलएस" टाइप करा. कंसात एचडी०, एचडी१ यांच्यासोबत एमडीने सुरू होणारं नाव दिसलं तर नशीब चांगलं. समजा ते (एमडी/०) आहे, आणि बूट फोल्डर रूटमध्येच आहे:

सेट प्रीफिक्स=(एमडी/०)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

नेहमीचा मेनू येतो. बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर प्रीफिक्समधून "/बूट" गाळायचं.

एमडी दिसतच नसेल तर ग्रबच्या गाभ्यात रेड वाचणारं मॉड्यूल नाही, आणि ते मॉड्यूल ठेवलंय नेमकं रेडवरच. कुलपाची किल्ली कुलपाच्या आत. अशा वेळी एचडी१ मधल्या पार्टिशनवरून थेट वाचता येईल का? ते मेटाडेटाच्या आवृत्तीवर आहे. १.० मध्ये रेडची खूण पार्टिशनच्या शेवटी असते, त्यामुळे मिररचा एकेक तुकडा साध्या फाइलसिस्टीमसारखा वाचता येतो. सध्या न सांगता मिळते ती १.२, तिची खूण सुरुवातीपासून ४ केबीवर, आणि डेटा त्याच्याही पुढे. तिथे हा जुगाड चालत नाही.

हा पडदा येण्याचं माझ्या बघण्यातलं मुख्य कारण मात्र वेगळंच आहे: सेकंडहँड डिस्क. तिच्यावर जुन्या इन्स्टॉलेशनचा ग्रब तसाच असतो, बायोस नेमका तिला पहिला मान देतं, आणि तो ग्रब कधीच पुसल्या गेलेल्या पार्टिशनचा पत्ता शोधत बसतो. जुनी डिस्क घेतली की इन्स्टॉलच्या आधी "वाइपएफएस" पुढे डिस्कचं नाव देऊन बघा. नुसतं चालवलं तर ते खुणा फक्त दाखवतं, पुसत नाही.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून दुरुस्ती

पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा. आधी "एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय". फोल्डर दिसला तर तुम्ही यूईएफआयमधून आलात, नसेल तर जुन्या बायोस पद्धतीने. मूळ इन्स्टॉल ज्या पद्धतीचं, त्याच पद्धतीने आत या. यूईएफआयचं इन्स्टॉल बायोस पद्धतीने येऊन दुरुस्त करायला गेलं तर अर्धा दिवस जातो आणि हाती भोपळा.

लाइव्ह सिस्टीममध्ये एमडीॲडम नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून नेट घ्या आणि ॲप्टने टाका. डेबियनच्या इन्स्टॉलरमधला रेस्क्यू मोड त्याहून बरा, तो ॲरे स्वतः जोडून देतो. हाताने करायचं तर क्रम असा:

एमडीॲडम --असेंबल --स्कॅन
एलएसबीएलके
माउंट /डेव्ह/एमडी१२७ /एमएनटी

वेगळं बूट पार्टिशन असेल तर ते /एमएनटी/बूट वर, यूईएफआयचं पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआय वर. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चारही फोल्डर "माउंट --बाइंड"ने आत जोडायचे, आणि:

सीएचरूट /एमएनटी

आता तुम्ही डिस्कवरच्या खऱ्या सिस्टीममध्ये आहात. एमडीॲडम नसेल तर इथे टाका. मग "अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल" आणि "अपडेट-ग्रब".

राहिला ग्रब. जुन्या बायोसवर तो दोन्ही डिस्कवर टाकायचा:

ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीबी

पूर्ण डिस्कचं नाव, शेवटी पार्टिशनचा आकडा नाही. त्यानंतर "डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी" करून यादीत दोन्ही डिस्कवर खूण करा, म्हणजे पुढच्या अपडेटला ग्रब दोन्हीकडे लिहिला जाईल. डिस्कवर जीपीटी (पार्टिशनचा नव्या पद्धतीचा तक्ता) असेल तर प्रत्येकीवर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन लागतं, रेडच्या बाहेर. नसेल तर ग्रब "एम्बेडिंग वोन्ट बी पॉसिबल" म्हणून कुरकुरतो.

यूईएफआयचं दुखणं निराळं. तिथे ग्रब राहतो फॅट फाइलसिस्टीमच्या छोट्या पार्टिशनवर, आणि ते फर्मवेअर स्वतः वाचतं. काही जण तेही १.० मेटाडेटा लावून मिररमध्ये घालतात. चालतं. मला पटत नाही. फर्मवेअरने किंवा शेजारच्या विंडोजने एका तुकड्यावर काही लिहिलं तर एमडीला, म्हणजे लिनक्सच्या रेडला, पत्ता लागत नाही, दोन आरसे दोन चेहरे दाखवायला लागतात. मी दोन्ही डिस्कवर ५१२ एमबीची सुटी पार्टिशनं ठेवतो. दुसरं /बूट/ईएफआय२ वर माउंट करतो, एफएसटॅबमध्ये त्याला "नोफेल" (सापडलं नाही तरी पुढे जा) लावतो, आणि:

ग्रब-इन्स्टॉल --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय२ --रिमूव्हेबल

रिमूव्हेबलमुळे ग्रब अशा ठरलेल्या जागी जातो की फर्मवेअरच्या यादीत नोंद नसली तरी ते तिथे जाऊन बघतं. नोफेल पहिल्या ईएफआय पार्टिशनलाही लावा, नाहीतर ती डिस्क गेल्यावर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल. उबुंटू २०.०४ पासून "डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४"मध्ये एकाहून जास्त ईएफआय पार्टिशनं निवडता येतात. डेबियनवर ग्रबचं अपडेट आलं की हे आपणच परत करायचं.

डिस्क इन्स्टॉलरला दिसतच नसतील, विशेषतः एनव्हीएमई, तर बायोसमध्ये स्टोरेज "रेड" किंवा इंटेल आरएसटीवर आहे का बघा आणि एएचसीआय करा. नावात रेड आहे म्हणून ते चालू ठेवणारे भेटतात; आपल्या सॉफ्टवेअर रेडशी त्याचा संबंध नाही. त्याच मशीनवर विंडोज असेल तर मात्र आधी त्याची तयारी करा, नाहीतर ते उठायचं नाही.

लाइट गेली, केबल हलली

आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर लाइट जाताना क्षणभर झटका बसून मशीन रीस्टार्ट होतंच. त्यानंतर एमडीस्टॅटमध्ये रीसिंक (दोन्ही डिस्क परत सारख्या करणं) चाललेलं दिसलं तर घाबरू नका, मशीन वापरत राहा. ॲरेला बिटमॅप (कुठे लिहिणं चालू होतं त्याची नोंद) असेल तर अर्धवट राहिलेलेच भाग तपासले जातात आणि काम पटकन आटोपतं. १०० जीबीहून मोठ्या डिस्कच्या मिररला एमडीॲडम तो बहुधा स्वतःच लावतं; नसेल तर "एमडीॲडम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल"ने नंतर लावता येतो.

खरी भीती सैल केबलची. समजा मे महिन्याच्या उकाड्यात-धुळीत एका डिस्कची साटा केबल सैल झाली, डिस्क ॲरेतून गळाली, कोणाच्या लक्षात आलं नाही. दुकान दुसरीवर चालू राहिलं. ऑक्टोबरात दुसरी डिस्क मेली, केबल हलवल्यावर पहिली मात्र जागी झाली. मशीन झकास चालू! फक्त मेनंतरची एकही नोंद नाही. कोणी तिच्यावर नव्या पट्ट्या लिहायला बसण्याआधी दोन्ही डिस्कवर हे चालवा, एखादी अधूनमधून का होईना दिसत असेल तरीही:

एमडीॲडम --एक्झामिन /डेव्ह/एसडीए२

"अपडेट टाइम" आणि "इव्हेंट्स" या दोन ओळी बघा. इव्हेंट्सचा आकडा जिचा मोठा, ती ताजी. तिच्यावरून ॲरे चालवायचा. मागे राहिलेली नंतर "--ॲड"ने जोडायची. दोन्ही एकदम "--फोर्स"ने जोडायच्या भानगडीत पडू नका.

मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवताना पार्टिशनचा आराखडा जुन्या डिस्कवरून उचलायचा. "एसजीडिस्क -आर" (हा आर मोठा, लहान नाही) नंतर लगेच येते ती नवी डिस्क, त्यानंतर जुनी. उलटं लिहिलंत तर कोऱ्या डिस्कचा आराखडा भरलेल्या डिस्कवर जाईल, म्हणून एंटर मारण्याआधी एलएसबीएलकेमध्ये साइज आणि सिरियल नंबर बघा. मग "एसजीडिस्क -जी" नवीवर, तेही मोठ्या जीने, म्हणजे दोन्हींची ओळख वेगळी होते. मग "एमडीॲडम --मॅनेज /डेव्ह/एमडी० --ॲड" पुढे नवं पार्टिशन. आणि ग्रब! नव्या डिस्कवर ग्रब आपोआप जात नाही. मिररमध्ये येतो तो पार्टिशनच्या आतला माल, बाहेरचं काहीच नाही. माझी मोंढ्यातली फजिती याच एका वाक्याची.

आता मी मशीन ताब्यात देण्याआधी मालकासमोर परीक्षा घेतो. मशीन बंद, पहिल्या डिस्कची केबल काढली, चालू केलं. उठलं तर बंद करून केबल परत लावायची, चालू करून ती डिस्क ॲरेत जोडायची, आणि एमडीस्टॅटमध्ये दोन यू येईपर्यंत थांबायचं. मोठ्या डिस्कला बिटमॅप नसेल तर यात काही तास जातात, चहा-नाश्ता होऊन जेवणाची वेळ येते. तरीही थांबायचं. रीसिंक अर्धं असताना दुसरी केबल काढली तर परीक्षा तुमचीच होते. दोन यू आले की मग दुसरी केबल.

डिस्क गळाली की मेल पाठवायची सोय एमडीॲडममध्ये आहे, पण दुकानात मेल बघतो कोण. म्हणून लॉगिन केल्यावर एमडीस्टॅट मोठ्या अक्षरांत समोर येईल असं लावून दिलंय. मुनीमजींना रेड म्हणजे काय ते मी सांगत बसलो नाही. कंसात दोन यू असले तर कामाला लागा, नसले तर मला फोन करा, एवढंच. तेही रोज सकाळी गल्ल्याला उदबत्ती लावली की आधी पडद्याकडे बघतात.

परवा आठच्या सुमारास फोन वाजला. "भैया, मशीन चालूय. पण आज एकच यू दिसायलाय."